सरकारला वानोळा

दुसरं महायुद्ध आमच्या गावातल्या धाब्यांवरून लढलं गेलं, ही गोष्ट कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात आली नाही, याचं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मरेपर्यंत वाईट वाटत होतं. नातवंडांचं शाळेचं पुस्तक हाती आलं की ते लढाईचा धडा काढत, बोटानं एकेक ओळ चाचपत आणि पुस्तक मिटून म्हणत, "हाऊ लिखणाराले काहीच माहीत नही." मला स्वतःला गावाचं नाव इतिहासात नसल्याचं काही वाटत नाही. पण परवा माझा नातजावई, जो कुठल्याशा सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, तो जेवता जेवता मला समजावून सांगत होता की यापुढच्या लढाया बंदुकीनं नाही, पुरवठ्यानं जिंकल्या जाणार. माल एकसारखा असला पाहिजे, वेळेवर निघाला पाहिजे, वाटेत गळता कामा नये. मी म्हटलं, बाबा रे, हे सगळं आमच्या ओट्यावर तुझ्या जन्माआधीच ठरलं होतं आणि त्यातलं एकही आम्हाला जमलं नव्हतं. तो हसला. म्हातारी गंमत करते आहे असं त्याला वाटलं असावं. म्हणून हे लिहून ठेवते.

आमचं घर म्हणजे पुढं ओटा, मागं गोठा आणि वर मातीचं सपाट धाबं. गावातली सगळी धाबी एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे बायका रस्त्यानं कमी आणि वरून जास्त जात-येत. हिवाळ्यात धाब्यावर मिरची पसरलेली असे आणि मग सगळं गाव शिंकत असे. कोण शिंकलं हे आम्ही न बघता सांगत असू. आबांची शिंक सगळ्यांत मोठी, ती आली की गोठ्यातलं वासरू दावं ताणायचं. माय, म्हणजे माझी आई, कधी शिंकायचीच नाही. तिला मिरची ओळखते, असं भाऊ म्हणायचा. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ सुकदेव. उंच, हाडकुळा आणि अखंड भुकेलेला. भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड ही त्याची खास जागीर होती. खिचडी असो, दूध असो, बिबड्यांचा घाटा असो, पातेलं खाली उतरलं की भाऊ उलथनं घेऊन हजर. खरवड खरवडल्याचा तो खर्र खर्र आवाज हा आमच्या घराचा आवाज होता, आणि तो बंद झाला तेव्हा घर केवढं मुकं झालं हे मला अजून आठवतं.

तो बंद झाला आबांच्या लढाईमुळे. आबांकडे धुळ्याहून एक वर्तमानपत्र यायचं. ते येईपर्यंत इतकं शिळं व्हायचं की त्यात पडलेली शहरं तोवर परत जिंकून झालेली असायची. पण आबा ते ओट्यावर मोठ्यानं वाचत आणि मग चुलीतल्या राखेनं जमिनीवर मुलूख काढून दाखवत. गुडघ्याएवढा जर्मनी, वीतभर विलायत, मध्ये पाण्याची रेघ. कोंबडी फिरून गेली की सरहद्दी बदलत. लढाई सुरू झाली त्याच महिन्यात आबांनी जाहीर केलं की ही दिवाळीच्या आत संपणार. भाऊ म्हणाला, संपणार नाही. त्यावर बापलेकांचं जे जुंपलं ते दिवाळी आली, गेली, पुढची आली तरी सुटलं नाही. ज्यांचा एक बैलही त्या लढाईत नव्हता ती दोन माणसं जेवताना एकमेकांकडं पाठ करून बसू लागली. शेवटी एकदा भर चावडीत आबा पुन्हा म्हणाले, "यंदा दिवाळीना आगोदर सरी जाई," आणि भाऊ हसला. एकटा तोच हसला असता तर चाललं असतं, पण त्याच्यामागं सगळी चावडी हसली. आबांचा चेहरा मिरचीसारखा झाला. ते म्हणाले, "तुले लढाईनी येवढी अक्कल शे, मंग आठे काय करी ऱ्हायना? जाय, लढ जाईसन." आणि भाऊ गेला. अंगावरच्या सदऱ्यानिशी गेला. पुढं शहाद्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की तुमचा सुकदेव धुळ्याला भरतीच्या रांगेत दिसला. त्यापलीकडं काही कळलं नाही. पत्र नाही, निरोप नाही. आबांनी त्या दिवसापासून त्याचं नाव घेतलं नाही, आणि राखेचा नकाशा काढणंही सोडलं. माय पातेल्याची खरवड पाणी घालून भिजवायची आणि म्हशीला द्यायची.

अशा दिवसांत रतिलालभाई आमच्या ओट्यावर आला. हा नंदुरबारच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचा माणूस. गोल, घामट आणि सदा घाईत, पण खाण्याचं नाव काढलं की घाई विसरणारा. दरवर्षी तो मिरची बघायला यायचा. त्या वर्षी तो म्हणाला की मिरची आता लष्कराकडं जाते, आणि लष्कराला आणखीही काही हवं आहे. वाळलेलं, हलकं, महिनोन्महिने टिकणारं, कुठल्याही उन्हापावसात न बिघडणारं खाणं. "आबाभाई, तुमारा मुलूखमां एवुं कंई मळे?" आबांनी मिनिटभर डोळे मिटले. मग त्यांनी उघडले तेव्हा त्यांच्यात मला पहिल्यांदा परत तो जुना राखेच्या नकाशावाला माणूस दिसला. ते म्हणाले, "बिबडे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी भिजवून, आंबवून, वाटून तिचा तिखट-मीठ-लसूण-तीळ घालून घट्ट घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर ओल्या हातानं भाकरीएवढा थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. वाळला की बिबडा झाला. तो भाजून खा, तळून खा, तसाच चावून खा, वर्षभर त्याला काही होत नाही. तर आबा रतिलालभाईला हे सांगत होते आणि तेवढ्यात दाराआडून मायचा आवाज आला. परक्या माणसासमोर माय कधी बोलत नसे. ती म्हणाली, "ईचारा त्यासले, हाई खावानं लष्करमा कोनले भेटी?" रतिलालभाई म्हणाला, "सगळ्यास्ले, भाभी. शिपाई माणूस सगळा." माय आत गेली आणि तिनं कोठीचं तोंड उघडलं. आबांनी तिच्याकडं बघितलं नाही आणि तिनं आबांकडं. पण हे बिबडे कुणासाठी निघाले आहेत ते त्या घरातल्या म्हशीलाही कळलं होतं.

मग आबांनी गाव युद्धपातळीवर आणलं. ते म्हणाले, ही लढाई आज ना उद्या संपेल, पण पुढची येणारच, आणि पुढच्या लढाईत ज्याच्या घरी वाळवण त्याचं राज्य. धाबी त्यांनी वाटून दिली. उगवतीकडची धाबी थापण्याला, मावळतीकडची वाळवण्याला, आणि मधलं आमचं धाबं मुख्य ठाणं. कावळ्यांवर पहारा माझ्याकडं होता. हातात वेळूची काठी आणि डोक्यावर आबांचा जुना फेटा, कारण आबांच्या मते पहारेकऱ्याला काही तरी डोक्यावर पाहिजे. मी बारा-तेरा वर्षांची घोडी तो फेटा सावरत कावळ्यांच्या मागं धावायची आणि गावातल्या पोरी लोळून लोळून हसायच्या. सगळे बिबडे एका मापाचे हवेत म्हणून आबांनी लोहाराकडून लोखंडी कडं घडवून आणलं. बायांनी ते कडं फडक्यावर ठेवलं, कौतुकानं बघितलं आणि त्याच्याभोवती नेहमीसारखे बिबडे थापले. शेजारच्या भिकामावशीचा हात मोठा, तिचा बिबडा कड्याबाहेर जायचा. आबा ओरडले तर ती म्हणाली, "आबा, मन्हा हात कापी टाका, मंग तो कडामा बठी." शिवाय प्रत्येक बाईची खूण वेगळी. आमच्याकडं बिबडा थापून झाला की ज्या बाईचा तिनं त्याच्यावर आपली खूण उठवायची रीत होती, कारण वाळवण एकाच धाब्यावर आणि उचलताना भांडण नको. भिकामावशी काठाला चिमटे घ्यायची. मायची खूण म्हणजे मधोमध अंगठा, आणि त्याच्या शेजारी करंगळी. आबा म्हणाले, लष्कराच्या मालावर खुणा नकोत. माय म्हणाली, "खून नही ते मानूसले कसं समजी कोनं शे ते?" खुणा राहिल्या.

इथपर्यंत ठीक होतं. खरा घात रीतिरिवाजांनी केला. पहिली रीत अशी की घाटा शिजत असताना दारावरून जो जाईल त्याला आत बोलवायचं आणि वाटीत घाटा, वर तेलाची धार घालून द्यायचं. लढाई असो नसो, शिजत्या घाट्यावरून माणूस उपाशी गेलं तर वाळवणाला बुरशी येते, हे कोण नाकारणार? आणि सगळ्या गावाचा घाटा एकाच वेळी शिजतो आहे म्हटल्यावर आमच्या दारावरून शेजारची तीन गावं जाऊ लागली. कळसाडीचा एक माणूस सुनेला आणायला निघालेला, तो आमच्या गल्लीतून दिवसात चारदा गेला. रतिलालभाई देखरेखीला यायचा आणि देखरेख वाटी चाटून पुसून व्हायची. त्यातून जे वाचलं ते वाळलं, तर दुसरी रीत उभी राहिली. नवं वाळवण उतरलं की आधी घरोघर वानोळा पाठवायचा. वानोळा न देता डबा भरला तर नजर लागते. तो वाटायचं काम माझं. मी ताट भरभरून बिबडे घेऊन निघायची आणि आबा मागून ओरडायचे, "यमुने, लष्करना माल शे तो!" त्यावर मायचं उत्तर ठरलेलं. "गावले न देता लष्करले देऊ? काय म्हणतीन लोक?" आणि ज्याच्या घरी वानोळा जाईल त्यानं ताट रिकामं परत द्यायचं नाही, ही तर साऱ्या रीतींची आई. रिकामं ताट फक्त एकाच घरातून परत येतं, जिथं सुतक आहे तिथून. ते दिसलं की बाई काही विचारत नाही, पदर डोक्यावर घेऊन तिकडं चालू लागते. त्यामुळे माझी ताटं भरून जायची आणि भरूनच यायची, फक्त बिबडे जायचे आणि यायच्या कुरडया, वाळलेली मेथी, गवारीच्या उसऱ्या, म्हणजे वाळवलेल्या शेंगा, आंब्याचं लोणचं आणि एकदा तर जिवंत कोंबडीचं पिल्लू. आबांनी डबे भरायला घेतले तेव्हा त्यांच्या हाती गावातल्या प्रत्येक घराचं काही ना काही होतं आणि बिबडे जेमतेम एका डब्यापुरते. ते डोकं धरून ओट्यावर बसले. भिकामावशी त्यांना धीर देत म्हणाली, "बरं ते शे आबा, लष्करमा एकच वस्तू रोज खाई खाई कटाळतीन."

शेवटी एकच डबा गेला. चौकोनी, पत्र्याचा, वर पांढऱ्या रंगात गावाचं नाव. डबा लष्कराचा होता आणि पत्र्याची टंचाई असल्यामुळं तो परत करायचा होता. खाली मायचे बिबडे, वर भिकामावशीचे आणि जागा उरली म्हणून फटींतून कुरडया. रतिलालभाईच्या मिरचीच्या गाडीवर तो बसला, प्रकाशा गावापाशी तापी उतरून नंदुरबारला गेला आणि तिथून रेल्वेनं कुठल्याशा छावणीच्या गोदामाकडं. गाडी वळली तेव्हा आबांनी तिला सलाम ठोकला. तो सलाम कुणाला होता हे मला तेव्हाही कळलं होतं.

डबा परत आला तो मिरचीचा पुढचा फेरा घेऊन रतिलालभाई आला तेव्हा. बैलगाडीतून उतरतानाच त्याचा चेहरा पडलेला. साहेबानं माल नापास केला होता. नमुना टेबलावर आपटून बघितला, हुंगला, शिंकला आणि नको म्हणाला.  मायनं डबा उचलला, तर तो जड. झाकण काढलं तर आत बिस्किटं. गच्च भरलेली, चौकोनी, दगडासारखी बिस्किटं, आणि प्रत्येकावर ओळीनं भोकं. अर्ध्या तासात सगळं गाव आमच्या धाब्यावर होतं. रतिलालभाईलाही काही सुचेना, डबा त्याला बंदच मिळाला होता. कुणी म्हणालं, असला माल पाहिजे असा याचा अर्थ. पण भिकामावशीनं सगळ्यांचं तोंड बंद केलं. ती म्हणाली, "काय येडास्ना बजार शे! वानोळानं भांडं सरकारनी रिकामं नही धाडं. सरकार खानदानी शे." गावाला हे पटलं. ज्या सरकारला गावानं आजवर शिव्यांखेरीज काही दिलं नव्हतं, ते सरकार एकदम चांगल्या घरचं निघालं. बिस्किट मात्र कुणाला फोडता आलं नाही. एका म्हाताऱ्याचा शेवटचा दात त्यात गेला. म्हशीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेवटी ताकात रात्रभर भिजवून, खलबत्त्यात कुटून, हळद-मीठ घालून बायांनी त्याची भाजी केली आणि सरकारच्या घरची भाजी म्हणून प्रत्येकानं बोटभर खाल्ली. भोकांवर बराच खल झाला. भिकामावशीच्या मते ती विलायतेतल्या बाईची खूण होती, आणि त्या बाईला बोटं फार बारीक असणार.

या साऱ्या गोंधळात माय एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी गेले तर ती पातेल्याची खरवड काढत होती. खर्र खर्र. म्हशीसाठी नाही, एका वाटीत. मला म्हणाली, "यमुने, आठे ये. गोरा साहेबले काय माहीत, वानोळानं भांडं रिकामं धाडतस नही ते?" मी म्हटलं, नसेल माहीत. "मंग बिस्किटं कोनी भरात?" तिनं उलथनं खाली ठेवलं. ती म्हणाली, "तठे आपलं मानूस शे. मन्हा अंगठा वळखणारं." आणि ती रडली नाही, काही नाही, वाटीतली खरवड तिनं स्वतः खाल्ली. मी त्याआधी तिला खरवड खाताना कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, आबांना सांगू? ती घाईघाईनं म्हणाली, "नको माय. त्यास्ले समजनं ते त्या पत्र लिखतीन, आन पत्रमा भांडतीन." एवढं खरं आहे की आबांच्या हातून दुसरं काही झालं नसतं.

मग ते भरलेल्या डब्याचं येणं-जाणं सुरू झालं. रतिलालभाईची मिरची त्याच गोदामात जायची, त्यामुळे डबा तिच्याबरोबर. मायनं त्याला सांगितलं की सरकारचं भांडं आहे, आपण कसं रिकामं पाठवायचं? हे रतिलालभाईला पटलं, शिवाय घाट्याची वाटी समोर होतीच. डबा बिबडे घेऊन जायचा, नापास व्हायचा आणि काही ना काही घेऊन यायचा. कधी बिस्किटं, कधी चहाची पत्ती, कधी कपडे धुण्याच्या साबणाची वडी, जी भिकामावशीनं देव्हाऱ्यात ठेवली. एकदा बुटांच्या लांब नाड्या आल्या, त्यांनी मायनं वासरू बांधलं. प्रत्येक वेळी झाकण निघालं की माय आधी डब्याच्या तळाशी हात घालून चाचपायची आणि मग तिच्या चेहऱ्यावर मला आवडणारा एक निवांतपणा यायचा. आबांचं वेगळंच चाललं होतं. त्यांच्या मते सरकार आपल्या मालाची कठोर परीक्षा घेत होतं, आणि नापास होत होत आपण पासाच्या जवळ चाललो होतो. चावडीत ते सांगत, "पुढली लढाई ज्वारीवर व्हई." पण डबा आला की तेही कुठलं तरी निमित्त काढून आत येत, पातेल्यात काय आहे ते बघत आणि डब्यात डोकावत. नंतर मला वाटू लागलं की त्यांनाही कळलं होतं. तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत एका चुलीभोवती वावरत होती. आमच्या घरात असं बरंच काही चालायचं.

लढाई संपली तेव्हा पावसाळा सरत आला होता. चावडीत पेढे वाटले गेले आणि आबा उतरलेल्या चेहऱ्यानं ते खात होते, कारण पुढच्या लढाईची तयारी अर्धवट राहिली होती. त्यानंतर डबा बरेच दिवस आला नाही. आला तो दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी. रतिलालभाई स्वतः नव्हता, त्याचा गाडीवान होता. त्यानं डबा ओट्यावर ठेवला, बैलांना पाणी पाजलं आणि पुढं निघून गेला. मीच डबा उचलला, आणि उचलतानाच मला कळलं. तो हाताला हलका लागला. मला वाटलं थोडंच असेल, कागदात काही गुंडाळलेलं असेल. तो मी आत नेऊन मायपुढं ठेवला. तिनं झाकण काढलं. आत हात घातला, चारी कोपरे चाचपले, मग डबा उलटा केला. काही पडलं नाही.

माय खाली बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. चूल पेटलेली होती, तिच्यावर दिवाळीची कढई होती. तिनं पाण्याचा तांब्या घेतला आणि चूल विझवली. त्या सूंऽऽ आवाजानं आबा आत आले. म्हणाले, काय झालं? मायनं डबा त्यांच्याकडं सरकवला. आबांनी आत बघितलं. ज्या माणसाला काही ठाऊक नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तो माणूस तो रिकामा डबा दोन्ही हातांनी धरून मटकन खाली बसला आणि म्हणाला, "सुका?" इतक्या वर्षांनी त्या घरात ते नाव आलं. मग आबा त्या डब्याशी बोलू लागले. मला आज त्याचं हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. ते डब्यात तोंड घालून म्हणत होते, "तुन्हंच खरं व्हतं रे. नही सरनी दिवाळीना आगोदर. मी चुकनू. आयकस का? मी चुकनू." डब्यातून त्यांचाच आवाज घुमून परत येत होता. धाब्यावरून भिकामावशीनं खाली बघितलं, विझलेली चूल बघितली, रिकामा डबा बघितला, आणि पदर डोक्यावर घेऊन ती जिना उतरू लागली. तिच्यामागं आणखी बाया. एका तासाच्या आत आमच्या अंगणात सगळं गाव बसलेलं होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं.

त्या गर्दीतून वाट काढत भाऊ आला. खाकी सदरा, खांद्यावर वळकटी, पायात बूट, आणि त्या बुटांना नाड्या नव्हत्या. अंगणभर माणसं आणि बाया पदर घेतलेल्या बघून तो दारातच थबकला.  त्यानं माझा दंड धरला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कोन गयं वं? आबा?"  मी नुसतं त्याच्याकडं बोट दाखवलं.

पुढं काय काय झालं ते सगळं नीट सांगता येणार नाही. माय उठली, सरळ त्याच्यापाशी गेली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याच हातानं त्याला सणसणीत थोबाडीत मारली. "डबा रिकामा कसाले धाडा?" भाऊ गाल धरून म्हणाला, "माय, आते मीच येनार व्हतू. मंग डबामा काय भरतू?" खरं म्हणजे तो त्याच गाडीवर बसून आला होता. प्रकाशाला तापी ओलांडली आणि त्याचा धीर सुटला. आबा काय म्हणतील या विचारानं तो घाटावर उतरून बसला, आणि डबा तेवढा पुढं पाठवला, म्हणजे घरी कळेल की मागून कुणी येतं आहे. समुद्र त्यानं कधी बघितलाच नव्हता. लढाईभर तो त्या गोदामात डबे रचत होता. पहिल्या बिबड्यावरचा अंगठा त्यानं साहेबाच्या टेबलावर ओळखला. परत जाणाऱ्या डब्यात त्यानं आपल्या वाट्याची बिस्किटं भरली, पुढं चहा, साबण आणि शेवटी नाड्या. आणि नापास झालेले बिबडे? "खाई टाकात. भाजीसन. घाटी, मदराशी, पठाण, सगळा येतस वास वर. कोनले नही म्हनू? आपली रीत शे." पत्र का नाही टाकलं, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काय लिखू? कोनं खरं ते आखो ठरनं नव्हतं ना."

तेवढ्यात आबा बाहेर आले.  त्यांच्या कपाळाला डब्याच्या काठाचा वळ उठला होता. त्यांनी भाऊला वरपासून खालपर्यंत बघितलं, बिननाड्यांचे बूट बघितले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी सांगेल व्हतं, दिवाळीना आगोदर सरी. उद्या दिवाळी शे. सरनी का नही? कोनती दिवाळी, हाई मी सांगेल नव्हतं." भाऊचे ओठ हलले.  मायनं त्याच्याकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "हा आबा. तुमनंच खरं." आणि मग पहिल्यांदा हसले ते आबा, त्यामागं भाऊ आणि मग सगळं अंगण. भिकामावशीनं चूल पुन्हा पेटवली. सुतकाला जमलेल्या गावाला त्या दिवशी घाटा खाऊ घालावा लागला, आणि खरवड कुणाला द्यायची हे कुणाला विचारावं लागलं नाही.

डबा सरकारचा होता, तो परत करायचा राहूनच गेला. त्याच्यापायी आमच्या घरात आणखी एक गोष्ट बदलली, ती मात्र फार पुढं लक्षात आली. आबा गेले तेव्हा भाऊच्या डोक्यावरही पांढरे केस आले होते. रीतीप्रमाणं आमच्याकडं चूल पेटली नाही, शेजारून जेवण आलं. जेवणाचं भांडं मी घासून, रिकामंच, भिकामावशीच्या सुनेच्या हाती देत होते, तर कोपऱ्यात बसलेली माय उठली. तिला उभं राहायला भिंत धरावी लागली. ती कोठीपाशी गेली आणि मूठभर ज्वारी आणून तिनं त्या भांड्यात टाकली. बाया म्हणाल्या, "सुतक शे माय, रिकामंच देतस." माय म्हणाली, "माले माहीत शे. पन मन्हा घरमाईन रिकामं भांडं जावाव नही." भिकामावशीच्या सुनेनं ते भांडं पदराखाली घेतलं आणि ती घरी गेली.